१२८ची लाइन, ११५ची वायर: आयएसडीएनचा डबा कॉम्प्युटरला जोडताना

हेडफोन घरी विसरलात, किंवा लोकलमध्ये रेंज गेली म्हणून एपिसोड अर्ध्यात अडकला, तर ही आजच्या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना झालेलं ‘अं’, ‘म्हणजे कसंय’ वगैरे काढून टाकलंय. आज आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे ज्यांनी ऐकलंय त्यांनीही एकदा वाचा. डोळ्यांना आकडे लवकर कळतात.

तुमच्याकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा: ‘घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण लॅपटॉपला वायर लावून टेस्ट केली तर ९४ च्या वर आकडा हलतच नाही. कंपनी फसवतेय का?’

फसवत असेलही. पण तक्रार करायच्या आधी एक गोष्ट ऐका. ही गोष्ट आहे अमेरिकेतली, १९९५ ते ९७ च्या आसपासची. तिथे बऱ्याच लोकांनी घरी महागडी डिजिटल फोनलाइन घेतली, एक डबा आणला, तो कॉम्प्युटरला जोडला आणि विकत घेतलेल्या वेगाचा एक मोठा तुकडा टेबलावरच्या एक मीटर वायरमध्ये घालवला. ती वायर नेमकी कशी अडवत होती हे एकदा कळलं की तुमच्या ९४ चं कोडंही सुटतं.

आधी लाइन समजून घेऊ

जुना मोडेम काय करायचा? कॉम्प्युटरचे शून्य आणि एक घेऊन त्यांचा आवाज बनवायचा. ती प्रसिद्ध किर्र-खर्र. तो आवाज फोनच्या तारेतून एक्स्चेंजपर्यंत जायचा. पलीकडचा मोडेम तो ऐकून परत शून्य-एक बनवायचा. १९९६ पर्यंत या पद्धतीने जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएस मिळत होते.

आता गंमत बघा. एक्स्चेंजमध्ये पोचल्यावर त्या आवाजाचं काय व्हायचं? त्याचे परत आकडे व्हायचे! टेलिफोनचं जाळं आतून तेव्हाच डिजिटल झालं होतं. तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं. ८,००० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. टेलिफोनच्या दुनियेतला ६४ केबीपीएस हा आकडा इथून आलाय.

म्हणजे डिजिटलचा आवाज, आवाजाचं परत डिजिटल. मधला फक्त घर ते एक्स्चेंज एवढाच तुकडा जुन्या पद्धतीचा. मग तोही डिजिटल करून टाकला तर? हीच आयएसडीएन. तिची पहिली आंतरराष्ट्रीय मानकं १९८४ मध्ये आली. घरगुती लाइनमध्ये तीन वाटा मिळायच्या: ६४ केबीपीएसचे दोन ‘बी’ चॅनल आणि १६ केबीपीएसचा एक ‘डी’ चॅनल. बी चॅनलवरून बोला किंवा डेटा पाठवा. डी चॅनल कामकाजासाठी: कोणाला फोन लावायचाय, कोणाचा येतोय, कधी ठेवला, ही बोलणी त्याच्यावरून. आणि हे सगळं त्याच जुन्या दोन तांब्याच्या तारांवरून. घरासाठी नवीन केबल ओढायची गरज नाही.

दोन्ही बी चॅनल एकत्र बांधले की १२८ केबीपीएस. आज हसू येईल, पण ३३.६ वाल्या माणसाला ते जवळपास चौपट होतं. शिवाय कॉल एक-दोन सेकंदांत लागायचा. किर्र-खर्र नाहीच, कारण आवाज बनवायची गरजच नाही.

आयएसडीएन आपल्याकडेही होती. बीएसएनएल आणि एमटीएनएल ती द्यायचे, आणि बँकांच्या शाखा, व्हिडिओ कॉन्फरन्स अशा ठिकाणी ती वापरली जायची. पण घरगुती ग्राहकाने दुकानातून डबा आणून स्वतः जोडायचा, हा प्रकार खरा रंगला तो अमेरिकेत. म्हणून तिथेच राहू.

डबा आणि त्याच्या मागची भोकं

या डब्याचं खरं नाव टर्मिनल अ‍ॅडॅप्टर. दुकानदार त्याला ‘आयएसडीएन मोडेम’ म्हणायचे, जे चुकीचं आहे. मोडेम आवाज बनवतो, हा बनवत नाही. मोटोरोलाचा बिटसर्फर प्रो किंवा थ्रीकॉमचा इम्पॅक्ट ही त्या काळातली नावाजलेली मॉडेल्स.

जोडणी साधारण अशी:

१. भिंतीपासून डब्यापर्यंत. भिंतीतून दोन तारा येतात. डबा मात्र मुळात चार तारांची भाषा बोलतो. मधे दुभाषी लागतो, त्याचं नाव एनटी-१. युरोपात हा दुभाषी टेलिफोन कंपनी बसवायची. अमेरिकेत तो ग्राहकाने विकत घ्यायचा. म्हणून तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी तो डब्याच्या आतच घालून टाकला. घ्यायच्या आधी हे बघावंच लागायचं, नाहीतर डबा घरी आणि दुभाषी दुकानात!

२. फोन. डब्याला मागे साध्या फोनची एक-दोन सॉकेट्स असायची. एका चॅनलवर इंटरनेट, दुसऱ्यावर आईशी बोलणं. आणि दोन्ही चॅनल डेटाला लावलेत नि फोन आला, तर डबा एक चॅनल सोडून फोनला द्यायचा. बोलणं संपलं की परत घ्यायचा.

३. कॉम्प्युटर. डब्यावर २५ पिनांचा सिरियल पोर्ट, कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा ९ पिनांचा. मधे केबल. ही आजच्या गोष्टीतली खलनायिका, हिच्याकडे परत येतो.

४. ओळख. डब्याला तीन गोष्टी सांगाव्या लागायच्या: एक्स्चेंजमधलं स्विच कोणत्या प्रकारचं आहे, तुमचे फोन नंबर काय, आणि प्रत्येक नंबरचा एसपीआयडी. हा एसपीआयडी म्हणजे अमेरिकेतली खास डोकेदुखी. बऱ्याचदा तो दहा आकडी फोन नंबरच असायचा, पुढे चार आकडे जोडून. एखादा आकडा चुकला की लाइन जिवंत, डबा जिवंत, केबल बरोबर, आणि कॉल मात्र लागत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर एपीएन चुकलेला फोन: नेटवर्कचे दांडे फुल्ल, डेटा शून्य.

हे सगळं झालं की कॉम्प्युटरला तो डबा मोडेमसारखाच दिसायचा. त्याच एटी कमांड्स, तेच एटीडीटी आणि पुढे नंबर. सोय म्हणून उत्तम. पण कॉम्प्युटर त्याला मोडेम समजतो, म्हणून मोडेमच्याच दाराने आत घेतो. आणि ते दार अरुंद आहे.

एक मीटरचा घोटाळा

सिरियल पोर्टच्या मागे एक चिप असते, तिला यूएआरटी म्हणतात. बाइट घ्यायचा आणि त्यातले बिट एकामागून एक वायरवर सोडायचे, एवढंच तिचं काम. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला तेव्हा तिच्या सिरियल कार्डावर १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. चिप त्या वेगाला १६ ने भागते. करा भागाकार: १,१५,२००. म्हणून पीसीच्या साध्या सिरियल पोर्टचा कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. त्याच्या वर पायरीच नाही.

हा आकडा मेलेला नाहीये बरं का. मी कामावर नवीन हार्डवेअर बोर्ड लॅपटॉपला जोडतो, तेव्हा त्याच्याशी पहिलं बोलणं अजूनही बहुतेक वेळा १,१५,२०० वरच होतं. तुमच्या राउटरच्या आतल्या सर्किटवरही इंजिनिअर लोकांसाठी असा एक छोटा पोर्ट बऱ्याचदा असतो. तो क्रिस्टल गेला, आकडा राहिला.

आता हिशोब मांडू. लाइन १,२८,००० ची, दार १,१५,२०० चं. ‘एवढासाच फरक? चालतंय की!’ असं वाटेल. थांबा.

सिरियल वायरवर प्रत्येक बाइटच्या आधी एक ‘स्टार्ट’ बिट आणि नंतर एक ‘स्टॉप’ बिट जातो. पलीकडच्याला बाइट कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळायला. म्हणजे ८ बिटांचा माल न्यायला १० बिटांची गाडी. १,१५,२०० भागिले १०, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट.

आयएसडीएन लाइनवर मात्र प्रत्येक बाइटमागे असे दोन बिट खर्च होत नाहीत. डबा ते काढून टाकतो आणि लाइनवर बिट सलग सोडतो. १,२८,००० भागिले ८, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट.

१६,००० येतायत, ११,५२० आत शिरतायत. उरलेले? डबा त्यांना थोडा वेळ पोटात ठेवतो, मग पलीकडच्याला थांबवावं लागतं. २८ टक्के वेग डबा आणि कॉम्प्युटर यांच्या मधे, टेबलावर, गायब.

एक मेगाबाइट, म्हणजे १०,००,००० बाइटची फाइल घेऊ. बारीकसारीक खर्च सोडून द्या:

– ३३.६ चा मोडेम: साधारण २३८ सेकंद.
– आयएसडीएनचा एकच चॅनल: १२५ सेकंद.
– दोन चॅनल, कागदावर: साडेबासष्ट सेकंद.
– दोन चॅनल, सिरियल वायरमधून: सुमारे ८७ सेकंद.

यातली दुसरी आणि चौथी ओळ परत बघा, कारण पैसे इथे आहेत. दोन चॅनल म्हणजे टेलिफोन कंपनीच्या दृष्टीने दोन कॉल. जिथे मिनिटाप्रमाणे आकार होता, तिथे मीटर दुप्पट पळायचं. वेग मात्र ८,००० वरून ११,५२० झाला, म्हणजे १.४४ पट. पैसे दुप्पट, काम दीडपटही नाही. यात टेलिफोन कंपनीने काहीच फसवलं नव्हतं. तिने १२८ दिले होते, अगदी प्रामाणिकपणे, डब्याच्या तोंडापर्यंत.

आणि हे सगळं नीट जमलं तर! जुन्या कॉम्प्युटरमध्ये ८२५० किंवा १६४५० ही चिप असायची. तिच्याकडे आलेला एकच बाइट ठेवायला जागा. १,१५,२०० च्या वेगाने दर ८७ मायक्रोसेकंदाला नवा बाइट येतो. तेवढ्यात प्रोसेसरने आधीचा उचलला नाही, तर तो गेला. पुढची चिप, १६५५०, हिच्याकडे १६ बाइटची रांग होती. म्हणजे प्रोसेसरला सुमारे १.४ मिलिसेकंद मिळायचे. ऐकायला काहीच नाही, पण विंडोज ९५ ला मान वर करून बघायला तेवढा वेळ पुरायचा. त्यामुळे ‘१६५५० आहे का?’ हा जोडणीतला पहिला प्रश्न असायचा.

दुसरा प्रश्न केबलचा. ‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगायला तिच्यात दोन वेगळ्या तारा लागतात, आरटीएस आणि सीटीएस. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये त्या नसायच्याच. मग डबा ओतत राहायचा, कॉम्प्युटर सांडत राहायचा आणि माणूस इंटरनेटला शिव्या घालत बसायचा.

वरून विंडोजच्या खिडकीत बऱ्याचदा ‘१,१५,२०० वर जोडले’ असं दिसायचं. तो आकडा पोर्टचा, लाइनचा नाही! एकच चॅनल लागलेला असला तरी तो तसाच दिसू शकायचा. स्क्रीनवरचा आकडा नेमका कशाचा आहे, हे विचारायची सवय तेव्हाही कमीच लोकांना होती.

मग लोकांनी काय केलं?

काहींनी नवीन सिरियल कार्ड घातलं, ज्याचा पोर्ट २,३०,४०० वर चालायचा. तेव्हा १२८ पूर्ण आत यायचे. काहींनी बाहेरचा डबा सोडून कॉम्प्युटरच्या आत बसणारं आयएसडीएन कार्ड घेतलं, म्हणजे सिरियल वायरच नाही. काहींनी इथरनेटवाला आयएसडीएन राउटर घेतला. इथरनेट तेव्हाही १० एमबीपीएस होतं, त्याला १२८ केबीपीएस म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी. नंतर यूएसबीवाले डबे आले आणि प्रश्नच मिटला.

आणि काही शहाण्यांनी काहीच घेतलं नाही. रोजच्या मेलसाठी एकच चॅनल वापरला आणि दुसऱ्याचं मीटर बंद ठेवलं. माझ्या मते सगळ्यात उत्तम इंजिनिअरिंग यांचंच. अडलेलं ठिकाण बदलता येत नसेल, तर निदान त्याच्या आधीच्या मोठ्या पाइपाचे पैसे देऊ नका.

जाहिरातीत नसलेली गोष्ट: लाइट गेली तर?

एक मुद्दा राहून जायला नको, कारण हा वेगाचा नाही, जिवाचा आहे.

जुन्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्याच दोन तारांवरून, ४८ व्होल्ट. गावभर अंधार असला तरी फोन चालू, कारण एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची सोय असायची. अमेरिकेतल्या घरी आयएसडीएन घेतली की एनटी-१ आणि डबा तुमच्या भिंतीतल्या प्लगवर. लाइट गेली, डबा गेला, आणि डब्यामागचा फोनही गेला. आग लागली, कोणी पडलं, आणि नेमकी तेव्हाच वीज नसेल, तर ९११ ला लावायला घरात चालू फोन नाही. म्हणून तेव्हाचे जाणकार सांगायचे: एक साधी लाइन राहू द्या, किंवा डब्याला यूपीएस लावा.

आज आपल्याकडे फायबरवर मिळणारी लँडलाइन अगदी याच वर्गात बसते. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेली की भिंतीवरचा छोटा डबा बंद आणि आजी-आजोबांच्या हातातला फोन मुका. घरात म्हातारं माणूस लँडलाइनच्या भरवशावर असेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेऊन ठेवा. घेताना डब्याच्या अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. आणि फायबरचा डबा नि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील, तर दोघांनाही वीज मिळतेय ना, हे बघा.

आता तुमच्या ९४ कडे

आला का अंदाज? इथरनेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, एक गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली असेल, कनेक्टर नीट दाबलेला नसेल किंवा राउटरचा पोर्टच १०० चा असेल, तर जोडणी १०० वर येऊन बसते. त्यातून पाकिटांवरचे पत्ते वगैरे वरखर्च गेला की हातात राहतात साधारण ९४. म्हणून आकडा ९४ वर खिळा ठोकल्यासारखा अडकला असेल, तर संशय लाइनवर नाही, आधी केबल आणि पोर्टवर घ्या. लाइनच खराब असती तर आकडा बहुधा वर-खाली नाचला असता.

हेच फोनलाही लागू आहे. आयफोन १५ ला टाइप-सी आलं, पण साध्या १५ मध्ये त्या भोकामागे यूएसबी २ चाच वेग आहे, म्हणजे कागदावर ४८० एमबीपीएस. भोक नवीन, मागची वाट जुनी. फोरके व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला वेळ लागतो तो म्हणून. आणि वायफायच्या सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड ८६६’ दिसतो ना? तो फोन ते राउटर एवढ्याच अंतराचा. विंडोजच्या खिडकीतल्या १,१५,२०० चा नातू समजा.

तर या आठवड्याचा गृहपाठ. प्लॅन वाढवायच्या आधी एका कागदावर वाट काढा: बाहेरून येणारी लाइन, भिंतीवरचा डबा, राउटर, केबल किंवा वायफाय, आणि तुमचं यंत्र. प्रत्येक सांध्यावर त्याचा वेग लिहा. बिट आणि बाइट यांची गल्लत करू नका. प्लॅन बिटांत विकतात, डाउनलोड बाइटमध्ये दिसतं, मधे ८ चा भागाकार. मग सगळ्यात लहान आकड्याभोवती गोल करा. पैसे खर्च करायचे तर तिथे करा. कधीकधी तिथे दीडशे-दोनशे रुपयांची केबलच निघते.

आणि आकडा कुठे अडकला ते मला नक्की कळवा. कागदाचा फोटो पाठवलात तर अजून मजा. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या आणि केबल नीट खोचा!